माहेरी आलेली माती

शिरोडकर मॅडमचं नाव आधी घेते, बाकीचं मग. त्यांच्या संस्थेत हे उलटं चालतं. तिथले शास्त्रज्ञ समुद्रावर निबंध लिहितात आणि ज्यांनी मदत केली त्यांचे आभार सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात मानतात. मला तेवढा दम निघत नाही. मी सातवीतून शाळा सोडलेली बाई. आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेले ती परत वर्गात बसलेच नाही. आज परभणीपासून इतक्या लांब, पश्चिमेच्या समुद्राकाठच्या एका सागरविज्ञान संस्थेत मी कामाला आहे, ती डॉ. प्रमिला शिरोडकर यांच्यामुळं. हे लिहितानासुद्धा धाकधूक आहे की काही चुकेल, कुणी हसेल. पण लिहिलं नाही तर ते जास्त चुकेल.

या संस्थेची नवी इमारत उभी राहत होती तेव्हा मी मुकादमाबरोबर विटा वाहायला आले होते. नवरा आधीच वारला होता. इमारत झाली, बाकीची मंडळी पुढच्या कामाला गेली, आणि मी ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोटीला मागं राहिले. गावी जायचं म्हणजे पुन्हा हातात कोयता, आणि तो मला नको होता.

तळमजल्याच्या शेवटच्या खोलीत फरशी पुसायला गेले, तेव्हा मॅडम पहिल्यांदा दिसल्या. पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा, आणि बाहेर मरणाचं उकडत असताना अंगात पुरुषी स्वेटर. टेबलावर उभी चिरलेली एक लांब नळी, आत काळपट माती. त्यांनी पातळ पट्टीनं नखभर माती उचलली आणि तोंडात घातली. पुढच्या दातांनी हळूहळू चावली, डोळे मिटले, मग कागदात थुंकून काहीतरी टिपून घेतलं. मी फडकं धरून तशीच उभी.

"काय बघतेस गो?"

"काही नाही मॅडम."

"भूक लागली म्हणून खात नाही मी. दाताखाली कचकचली तर गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. वरच्या मजल्यावर त्याचं यंत्र आहे, पण त्याला अख्खी दुपार लागते. दात लगेच सांगतात."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आमच्याकडं पोटुशी बाईच माती खाते."

बोलले आणि घामच फुटला. आता ठेकेदाराला कळलं की गेलं काम. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मग माझे डोहाळे फारच लांबले म्हणायचे."

संस्थेतले लोक त्यांना मागं चिखलमॅडम म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. "खोटं काय आहे त्यात?" म्हणायच्या.

त्यांचं काम मला समजलं ते असं. जहाज खोल समुद्रात जातं, तळाच्या चिखलात पोकळ नळी खुपसतात आणि मातीचा लांब दांडा वर काढतात. त्याला कोअर म्हणतात. नदीनं दरवर्षी आणून टाकलेली माती तिथं थरावर थर बसलेली असते. सगळ्यात जुनी खाली, कालची वर. कुठल्या काळात पाऊस चांगला झाला, कुठल्या काळात दुष्काळ पडला, सगळं त्या थरांवरून कळतं. कळणाऱ्याला.

कोअर आला की मॅडम तो उभा चिरून दोन भाग करायच्या. एक कामाचा, आणि दुसरा राखीव. कामाच्या अर्ध्याला खरवडायचं, जाळायचं, यंत्रात घालायचं. राखीव अर्ध्याला कुणी बोट लावायचं नाही. तो गुंडाळून थंड खोलीत फळीवर.

"अर्धा आपला, अर्धा येणाऱ्याचा," त्या म्हणायच्या.

मी विचारलं होतं, "येणारा कोण?"

"ठाऊक नाही. अजून जन्मलाही नसेल. त्याच्याकडे आपल्यापेक्षा बरी यंत्रं असतील, आणि आपल्याला सुचलेच नाहीत असे प्रश्न असतील."

त्यांनीच मला ठेकेदाराकडून मागून घेतलं, खोली स्वच्छ ठेवायला; पगार मात्र ठेकेदाराकडूनच. पुढं नळ्या धरायला, गुंडाळायला, नावं लावायला शिकवलं. माझं अक्षर वाईट म्हणून मी लपवून लिहायची, तर म्हणाल्या, "वाईट असू दे, पण मोठं काढ. थंडीत चष्म्यावर धुकं येतं माझ्या." त्या खोलीचे नियम कडक. बांगड्या नकोत, पावडर नको, हळद-कुंकवाचं बोट नको, केस बांधलेले. एकदा राखीव नळीवर त्यांना केस सापडला. लांब, काळा. माझाच असणार. त्यांनी तो चिमट्यानं उचलला, आणि दुसऱ्या दिवशी मला डोक्याला बांधायचा रुमाल आणून दिला, फुलाफुलांचा. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

थंड खोलीत शिरताना त्या दारावर टकटक करायच्या. आत माणूस नाही हे ठाऊक असून. मी कधी कारण विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जेवणाच्या डब्यात पेज आणि लोणचं. माझी ज्वारीची भाकरी त्यांना आवडायची, ठेचा मात्र सोसायचा नाही. तरी खायच्या, डोळ्यांतून पाणी काढत, आणि "उद्या आणू नकोस" म्हणायच्या. मी आणला नाही तर विचारायच्या.

एकदा जेवताना म्हणाल्या, "तुझ्या गावाला नदी कुठली?"

"नदी कुठली मॅडम, ओढा आहे. झरीच्या अलीकडं आमचं गाव. ओढ्याचं पाणी दुधनेला जातं, दुधना पूर्णेला, आणि पूर्णा गंगेला."

"गंगेला?"

"म्हणजे गोदावरी हो. आम्ही गंगाच म्हणतो."

त्या हातातली भाकरी ठेवून उठल्या. मला ओढतच थंड खोलीत नेलं. टकटक केलंच. कोपऱ्यातल्या फळीवरची एक नळी दाखवली. गोदावरी बंगालच्या उपसागराला जिथं मिळते, त्याच्या पुढं खोल पाण्यातून काढलेली.

"ये, ओळख करून देते. ही तुझ्या गावाकडची मंडळी."

मला तेव्हा थंडीशिवाय काही वाटलं नाही, खरं सांगते. पण नंतर पुसताना त्या फळीपाशी हात जरा रेंगाळायला लागला.

आता संस्थेचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिथं दरवर्षी हिशेब होतो. कुणी किती शोधनिबंध लिहिले, आणि त्या निबंधांचा दाखला दुसऱ्या किती जणांनी आपल्या निबंधात दिला. ज्यांचे जास्त, त्यांचे फोटो दारातल्या फलकावर. मॅडमचा फोटो मी तिथं कधी पाहिला नाही. त्या कमी लिहायच्या. पण देशोदेशीचे लोक त्यांच्याकडं राखीव अर्ध्यातला तुकडा मागायचे, आणि मॅडम सोनाराच्या हातानं कापून द्यायच्या. वर बजावायच्या, उरलेलं परत पाठवा. त्या लोकांचे निबंध व्हायचे, फोटो लागायचे. मॅडमचं नाव शेवटच्या ओळीत. "वाचणारा तिथवर पोचत नाही," म्हणून हसायच्या.

मग नवे मोठे साहेब आले. जागा अपुरी पडत होती. थंड खोलीचं वीजबिल, चिखलाच्या नळ्या, आणि निबंध तर इतके कमी. ठरलं की बाहेरून एक समिती येईल, दिवाळीनंतर. प्रत्येक विभागानं समाजाला आपला काय उपयोग झाला ते सांगायचं. ज्याला सांगता येणार नाही, त्याची जागा जाणार. मॅडमना निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. त्या गेल्यावर नळ्यांना वाली नाही, म्हणजे सगळं कचऱ्यात. आणि नळ्या गेल्या की मीही.

दसरा झाला तशा त्या म्हणाल्या, "कांता, तुझ्या गावाला नेशील मला?"

त्यांना आमच्या रानातली आणि ओढ्यातली माती हवी होती, समुद्रातल्या मातीशी ताडून बघायला. हो म्हटलं, पण माझी झोप उडाली. बाई झोपणार कुठं, पाणी कुठलं पिणार, आणि दिवाळी झाली की गाव ऊसतोडीला निघणार, म्हणजे घराघरात बांधाबांध चाललेली. असल्या वेळी पाहुणा.

परभणीला रेल्वेतून उतरलो, तिथून जीपनं गाव. माझ्या मायनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. मॅडमनी चहा घेतला आणि लगेच खुरपं मागितलं. सोयाबीन निघालेल्या रानात गेल्या, मांडी घालून बसल्या, खड्डा काढला, आणि बांधावर बायापोरं जमलेली असताना माती तोंडात घातली.

बायांत खसखस पिकली. "आगं, डोहाळे लागलेत व्हय बाईला? ह्या वयात?"

"कांता, खरंच का गं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडम चावता चावताच म्हणाल्या, "आता सुटका जवळ आहे माझी. दिवाळीनंतर." बाया आणखीच हसल्या. त्यांना त्यातलं खरं कळायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ओट्याखाली माणसं. हातात नारळ. सगळ्यात पुढं आमचे शेजारी शेषराव मामा, टोपी सारखी करत.

"मॅडम, आमच्या बी वावरात चला. पाणी कुठं हाय तेवढं सांगा."

मॅडमना काही कळेना. मला कळलं. गावानं त्यांना पाणाडी ठरवलं होतं. आमच्याकडं बोअर घेण्याआधी पाणाड्याला बोलावतात. कुणी तळहातावर नारळ धरून चालतो, कुणी लिंबाची फांदी. ही बाई तर मातीच चाखते, म्हणजे मोठीच असणार.

"मामा, मला पाण्यातलं काही कळत नाही," मॅडम म्हणाल्या.

"लाजू नका. मागच्यानं नारळ फिरवला अन् बोअर कोरडा गेला. तुमी दातानं बगायल्या, म्हंजे पक्कं काम हाय."

"खरंच नाही कळत. मला फक्त वाहून गेलेली माती कळते."

मामा जरा नाराज झाले. "वाहून गेलेल्याचं काय करायचं बाई? असलेल्याचं सांगा की."

मॅडम आत गेल्या आणि पिशवीतून गोदावरीच्या कोअरचा हातभर तुकडा घेऊन आल्या. कामाच्या अर्ध्यातला, ताडून बघायला आणलेला, प्लास्टिकात गुंडाळलेला. मारुतीच्या पारावर बसल्या आणि लोकांना थर दाखवले. खालचे पातळ, वरचे जाड. म्हणाल्या, खालच्या काळात तुमच्या वरच्या अंगाला झाडं होती, गवत होतं. पुढं जमिनी उघड्या पडत गेल्या, आणि पावसानं माती धुऊन नेली. ओढ्यातून दुधना, दुधनेतून पूर्णा, मग गंगा, मग समुद्र. ही तिथली आहे.

पारामागून एक तरणा गडी म्हणाला, "म्हंजे आमीच चुकलो म्हणा की."

"चुकलं कोण ते ह्यात दिसत नाही, दादा. कधी आणि किती, तेवढंच दिसतं."

शेषराव मामांनी हात पुढं केला. "आमी बी चाखावी का?"

मॅडमनी पट्टीनं नखभर माती त्यांच्या हातावर दिली. मामांनी ती जिभेवर ठेवली, तोंड हलवलं, आणि पंचायतीत निकाल द्यावा तसं म्हणाले, "लय खारट. लेक सासरी लय दिस राहिली, तिकडचंच वळण लागलंय."

अख्खा पार हसला. मॅडम तर चष्मा काढून हसल्या. माय तेवढी हसली नाही. ती उठून घरात गेली.

निघायच्या दिवशी मायनं पाट मांडला. मॅडमना हळद-कुंकू लावलं, गहू, नारळ, खण घालून ओटी भरली. मग मला म्हणाली, "ती कुठं हाय?"

"कोण?"

"आपली. ती बी माहेरातून चाललीय न्हवं? तिला तशीच धाडायची व्हय?"

मी म्हटलं, "माय, त्याला हात लावायचा नसतो. ते संशोधनाचं आहे. हळद चालत नाही त्याला."

"कांता, गप्प," मॅडम म्हणाल्या.

ज्या बाईनं माझा एक केस चिमट्यानं उचलला होता, तिनं स्वतःच्या हातानं प्लास्टिक सोडवलं आणि तो मातीचा तुकडा मायपुढं ठेवला. मायनं त्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मूठभर गहू ठेवले. "नीट जा माय," म्हणाली. दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली. मॅडमनी तो हळदीसकट तसाच परत गुंडाळला.

गाडीत त्या म्हणाल्या, "ह्या तुकड्यावर आता काही मोजता येणार नाही. रद्द झाला."

मी मान खाली घातली. मायच्या वतीनं माफी मागायचे शब्द जुळवत होते.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

दिवाळी झाली. रानातली माती आणि नळीत उरलेली समुद्रातली माती जुळली, तेवढ्यानं त्या खूश. विभागातला एक तरुण शास्त्रज्ञ समजावत होता, "मॅडम, गावातले फोटो लावा. शेतकऱ्यांना मार्गदर्शन केलं असं लिहा. हल्ली तेच बघतात."

"मार्गदर्शन? त्यांनी मला जेवायला घातलं."

"खोली वाचेल, मॅडम."

"हो, वाचेल," त्या म्हणाल्या. संध्याकाळी फोटो पिशवीत घातले आणि घरी घेऊन गेल्या.

समिती बसली त्या दिवशी चहा द्यायला मला बोलावलं होतं, म्हणून ऐकलं. अध्यक्ष भला माणूस होता, आवाज चढवला नाही. निबंध कमी का, म्हणाला. मॅडमनी निबंधांचा गठ्ठा पुढं ठेवला. जुन्या दुष्काळांवरचा, मासळीवरचा, नद्यांनी नेलेल्या मातीवरचा. "हे माझे नाहीत. माझ्या राखीव अर्ध्यांवर दुसऱ्यांनी केलेले आहेत. मी केलं ते एवढंच, की मागायला आले तेव्हा द्यायला शिल्लक होतं."

"आणि परभणीत काय साधलं?"

"नमुने मिळाले. जुळले. गावाला काही मिळालं नाही. त्यांना पाणी हवं होतं."

बाजूचे एक सदस्य हसले. अध्यक्ष म्हणाला, "मग उपयोग काय म्हणून लिहू, मॅडम?"

"तो कधी होईल मला सांगता येत नाही. फेकून दिलं तर होणार नाही, एवढं सांगता येतं."

मग त्यानं विचारलं, निवृत्तीनंतर तुम्हाला इथं टेबल हवं असेल तर तसं सुचवतो, अनुभवी माणसं असावीत. मला वाटलं, आता हो म्हणतील. त्यांना दुसरं घर तरी कुठलं होतं.

"टेबल नको," मॅडम म्हणाल्या. "राखीव अर्ध्यांना सांभाळणारं माणूस लागेल. कांता राहू दे."

मी ट्रे तिथंच टेबलावर ठेवला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

निकाल आला तो अर्धामुर्धाच. राखीव भाग एका लहान खोलीत राहतील. मीही राहीन, ठेकेदाराकडं नाही, संस्थेकडं. कामाचे भाग मात्र फेकायचे. ट्रक बोलवा असं वरून सांगणं आलं. मी म्हटलं, समोर समुद्र आहे, त्यातच सोडू. मॅडम दचकल्याच. "बंगालच्या उपसागराची माती ह्या समुद्रात? पुढं कोणीतरी इथून कोअर काढील आणि बिचारा वेडा होईल." मग मी भीत भीत विचारलं, गोदावरीच्या नळ्यांतली तेवढी गावी नेऊ का, रानात टाकायला. त्या म्हणाल्या, "मीठ आहे गो त्यात. पीक जळेल." शेवटी आवारातल्या माडांच्या बुंध्याशी पसरली. माडाला खारं चालतं. पाट्या मीच वाहिल्या, आणि त्या माझ्याबरोबर फावडं घेऊन उभ्या होत्या, स्वेटरसकट.

दरम्यान मायचा फोन आला. ऊसतोडीला न गेलेल्या शेषराव मामांनी रानाच्या उताराला दगडाचा बांध घातला होता. मॅडमच्या सांगण्यावरून का, म्हणून मी विचारायला लावलं. मामा म्हणाले, "न्हाई, रिकामाच बसलो होतो." मॅडमना सांगितलं तर त्या हसून हसून खोकायला लागल्या. "बघ, हे समितीला काय सांगणार होते मी?"

निवृत्तीच्या दिवशी हार, भाषणं, समोसे झाले. फोटोही काढला, पण तो फलकावर लागला नाही. पाच वाजता त्या नेहमीसारख्या स्कूटरवर बसल्या. मागं हारांची पिशवी बांधलेली, हेल्मेटखालून पांढरे केस बाहेर. डाव्या बाजूचा दिवा लुकलुकत होता. त्यांना कुठं वळायचंच नव्हतं, दिवा लावून बंद करायचं त्यांच्या कधी लक्षात राहत नसे. पहारेकरी ओरडला, "मॅडम, इंडिकेटर." त्यांना वाटलं निरोप देतोय, त्यांनी हात हलवला. फाटकातून सरळ गेल्या, आणि मागून येणारा रिक्षावाला त्या वळतील म्हणून कितीतरी वेळ थांबून राहिला.

आता त्या बहिणीकडं असतात, दूर. गुडघे दुखतात म्हणतात. मॅडम, तुमचं फेडायचं राहिलंय. तुम्ही माझं गाव पाहिलंत ते निम्मं बांधून ठेवलेलं, निघायच्या घाईतलं. ऊसतोडीहून सगळे परतले की गुढीपाडव्याच्या पुढं ते भरतं, पारावर बसायला जागा मिळत नाही. तेव्हा मी तुम्हाला नेणार आहे. गुडघ्यांना सोसेल अशी गाडी करून, आणि या खेपेला माझ्या हातचं जेवायला. माय थकत चाललीय, म्हणून फार लांबवायचं नाही, हे मी स्वतःला रोज बजावते.